पंचेचाळीस नंबरचं दुसरं बिऱ्हाड

सकाळी सातच्या पाळीची बस यायच्या आधी मामा फाटकाची आरती करायचे. आरती हा शब्द फाटकावरच्या रखवालदारांचा. मामांच्या हातात निरांजन वगैरे काही नसायचं. एक लाकडी फूटपट्टी असायची आणि तिच्या टोकाला चिकटवलेली कागदी चिप. ती पट्टी आधी गुडघ्याशी, मग छातीशी, मग डोक्याच्या वर धरून ते फाटकाच्या दोन खांबांमधून जायचे आणि यायचे. खांबावरच्या पेटीतला हिरवा दिवा प्रत्येक वेळी लुकलुकला की पट्टी खिशात. एखाद्या वेळी लुकलुकला नाही तर मागे फिरून पुन्हा. बस बाहेर हॉर्न वाजवत उभी असली तरी पुन्हा.

"मामा, देव जागा झाला का?" रखवालदार विचारायचा.

"देव नाय रं हा. चौकीदार हाय, तुझ्यासारखाच. फक्त झोपत नाय."

सगळे त्यांना मामा म्हणत. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असूनही मी मामाच म्हणायचो. वाळूजच्या एका कारखान्यात मी स्टोअर मॅनेजर होतो आणि ते ठेकेदाराकडून आलेले वायरमन. आता माझी सत्तरी उलटली आहे. त्यांच्याबद्दल मी जे लिहिणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको होती तेव्हा तिलाही नाही. त्या सोमवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत जे लोक मामांना हसले, त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर बरं होईल.

आमचा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवायचा. ते भाग लोखंडी ट्रॉल्यांमध्ये भरून मोठ्या कंपनीकडे जायचे आणि रिकाम्या ट्रॉल्या परत यायला हव्यात असा करार होता. त्या परत यायच्या नाहीत. आम्ही म्हणायचो पाठवल्या, ते म्हणायचे आल्याच नाहीत. म्हणून प्रत्येक ट्रॉलीला एक चिप आणि फाटकावर ती वाचणारा रीडर बसवायचं ठरलं. खांबावरचा हा रीडर रेडिओच्या लहरींनी हाक मारतो, जवळून जाणारी चिप आपला नंबर सांगते, आणि रीडर तो नंबर तारेवरून माझ्या स्टोअरमधल्या कॉम्प्युटरला कळवतो. ट्रॉली बाहेर गेली, नोंद झाली. माणसानं काही लिहायला नको.

पुण्याहून इंजिनिअर आला, त्यानं रीडर बसवला, ट्रॉल्यांना चिपा चिकटवल्या आणि पहिली गाडी फाटकातून काढली. दिवा लागला नाही. दुसरी काढली, तीच गत. इंजिनिअर म्हणाला, लोखंडावर चालणाऱ्या चिपा वेगळ्या येतात, मागवाव्या लागतील, दोन महिने तरी जातील.

मामा तिथं शिडी धरायला उभे होते. त्यांनी पायातली झिजलेली स्लीपर काढली, ब्लेडनं तिच्या तळाचा एक चौकोन कापला, चिप आणि ट्रॉली यांच्यामध्ये तो चिकटवला आणि ट्रॉली ढकलत फाटकातून नेली. हिरवा दिवा लागला.

"हे कुठं शिकलात तुम्ही?" इंजिनिअरनं विचारलं.

"सिल्लोडला रेडिओ दुरुस्त करायचो मी. तार पत्र्याला टेकली की रेडिओ मुका व्हतो. ही चिप म्हंजी बी रेडिओच की, बारका."

एक पाय अनवाणी ठेवूनच ते उरलेला दिवस कामावर हिंडले. पुढे महिनाभर माझ्या स्टोअरच्या दारात जुन्या चपलांचं पोतं होतं. कामगार घरून आणून टाकायचे. पाहुणे म्हणून आलेल्या एका अधिकाऱ्यानं मला हळूच विचारलं की आत मंदिर आहे का.

मग दुसरी अडचण निघाली. रीडर भिंतीपलीकडच्या आवारात नुसत्या उभ्या असलेल्या ट्रॉल्याही वाचायला लागला. जागची न हललेली ट्रॉली कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाहेर गेलेली दिसायची. सगळ्यांचं म्हणणं मशीन फार चांगलं आहे, म्हणून असं होतंय. मामांनी त्याची ताकद कमी केली. "लई जोरात हाक मारली की सगळी गल्लीच ओ देती. आपल्याला फाटकातल्यालाच विचारायचंय ना?" असं म्हणत ते चार दिवस आकडा थोडा खाली, थोडा वर करत राहिले. शेवटी फाटकाबाहेरचं एक पाऊलही वाचलं जाईना, तेव्हा थांबले.

त्यांचा आणखी एक नियम होता. गाडीनं दोन खांबांमध्ये तीन श्वास थांबायचं. ड्रायव्हर वैतागायचे. एक शहरातला जुना ड्रायव्हर होता, तो खिडकीतून म्हणायचा, "क्या मामू, साँस भी तुम्हारे डब्बे से पूछ के लेना क्या?"

"हौ," मामा म्हणायचे. "तीन लेव, फिर जाव."

आणि तो घ्यायचा. मोठ्यानं, नाटकीपणानं, पण तीन घ्यायचा.

मामा जेवायला कॅन्टीनमध्ये येत नसत. खांबाखाली क्रेट पालथं घालून भाकरी आणि ठेचा खात, नजर दिव्यावर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन नाशिकला. उन्हाळ्यात रीडर तापतो म्हणून त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याला छप्पर केलं होतं. एका दिवाळीच्या सुट्टीत मी काही कागद न्यायला कारखान्यात गेलो तर मामा बंद फाटकाबाहेर उभे.

"सुट्टी आहे ना, मामा?"

"घरी काय करू, साहेब? इथं निदान हाक मारली की कुणीतरी ओ देतं."

मी हसलो होतो. ते हसले नव्हते.

आता वहीबद्दल. नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, आकड्यांचा. कारखान्यातले सगळे पत्ते सारखेच असायचे, फक्त शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. रीडरचा पंचेचाळीस. मामांनी पेटीवर पिवळ्या रंगानं तो मोठा काढून ठेवला होता. कुठल्या आकड्यावर कोण आहे हे ते एका दोनशेपानी वहीत लिहीत आणि समोर ज्याचं यंत्र त्याची सही घेत. नवीन काही जोडायचं तर आधी वहीत यायचं. "एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं ठेवू नका," एवढंच त्यांचं मागणं. "टपाल कुणाला जाईल सांगता यायचं नाय."

माझ्या केबिनमध्ये प्रिंटर आला तेव्हा मामा वही घेऊन आले. मी कामात होतो. खरं सांगायचं तर कामात नव्हतो. ठेकेदाराच्या वायरमनच्या वहीत मॅनेजरनं सही करायची, हे मला खुपलं. मामा रोज सकाळी "जय भीम, साहेब" म्हणायचे आणि मी मान हलवायचो. त्या मान हलवण्यात मी काय राखून ठेवतो हे मला माहीत होतं, आणि माझा अंदाज आहे की त्यांनाही. मी म्हटलं, "नंतर बघू, जोडायचा असेल तेव्हा बोलावतो," आणि ते गेल्यावर माहितीपत्रक उघडून प्रिंटर स्वतःच जोडला.

त्यानं पत्ता विचारला. माझ्या कॉम्प्युटरचा पत्ता बघून मी पहिले आकडे तेच टाकले. शेवटचा कुठला टाकावा? मनात पंचेचाळीस आला. का आला याचा मी विचार केला नाही. रोज सकाळी फाटकातून आत येताना पिवळ्या रंगात दिसणारा तो आकडा डोळ्यांत बसलेला होता, म्हणून तो ओळखीचा आणि बरोबर वाटला. मी तो टाकला, छापून बघितलं, छापलं गेलं. मला माझंच कौतुक वाटलं.

प्रिंटर मी एरवी भिंतीवरच्या बटणावर बंद ठेवायचो. चालू करायचो तो शनिवारी, आठवड्याचे अहवाल छापायला, अकरा ते एक. आणि शनिवारीच सगळ्यात जास्त माल बाहेर जायचा, कारण रविवारी सुट्टी.

पहिल्या काही शनिवारी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मोठ्या कंपनीनं कळवलं की अमुक ट्रॉल्या आमच्याकडे आल्याची तुमच्याकडे नोंद असेल तर दाखवा. नोंद नव्हती. शनिवारच्या दुपारी गेलेली एकही ट्रॉली कॉम्प्युटरमध्ये नव्हती. मागायला आधार नाही, ट्रॉल्या गेल्या.

मामा त्या शनिवारांच्या मागे लागले. कॉम्प्रेसर बंद करून बघितला, क्रेन थांबवून बघितली. दोन शनिवार ते अकरा ते एक खांबाखाली उभे राहिले. मग माझ्याकडे आले.

"साहेब, दिवा लागतोय. म्हंजी त्यानं ऐकलं. पर कॉम्प्युटरला कळवत नाय. आणि कॉम्प्युटरवरून हाक मारली तर ओ देतं. ओ देतं, पर पुढं विचारलं की गप." मग विचारलं, "तुमच्या केबिनीत काही जोडलंय का हो, नवीन?"

"नाही," मी म्हणालो.

तेव्हा ते खोटं आहे हे मला कळलं नव्हतं. प्रिंटर येऊन दोन महिने झाले होते, माझ्या लेखी तो नवीन नव्हता. शिवाय मला विचारलं गेलेलं आवडलं नव्हतं. मामांनी मान डोलावली आणि गेले.

पुढच्या शनिवारी बारा वाजता ते धावत माझ्या केबिनच्या दारात आले. मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं. "साहेब, रीडरच्या पेटीतली तारच काढून आणली मी. हातात हाय बघा तार. तरी बी पंचेचाळीसला हाक मारली की ओ येती." त्यांच्या हातात खरंच निळ्या तारेचं टोक होतं. "त्या पत्त्यावर दुसरं कोणीतरी ऱ्हातंय."

माझ्या हातात प्रिंटरमधून आत्ताच आलेला कागद होता, अजून गरम. मला त्याच क्षणी कळलं. सगळं. पिवळा आकडा, शनिवार, बटण.

"जेवण झाल्यावर बघू, मामा," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि प्रिंटरचा पत्ता बदलून बहात्तर केला. माझ्या निवृत्तीला सात महिने होते. तेवढ्यात कुणाला सांगायची गरज नाही, चूक दुरुस्त झाली की विषय संपेल, असं मी स्वतःला समजावलं. मामांनी दुपारभर खोल्या धुंडाळल्या. त्यांना काही सापडलं नाही. सापडणार नव्हतंच.

सोमवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब, ठेकेदार, हिशेबातले दोघं, मी आणि उभे असलेले मामा. बोलण्याचा रोख असा होता की दर शनिवारी ठरावीक वेळी नोंद बंद पडते, रीडरला हात लावणारा माणूस एकच, तेव्हा तो मुद्दाम बंद करून कुणासाठी ट्रॉल्या काढतोय का? भंगारवाल्याचं नाव निघालं. हे सगळ्यांना फार लवकर पटलं. का पटलं, तेही मला कळत होतं.

"साहेब, त्या पत्त्यावर दुसरं कोणीतरी ऱ्हातंय," मामा म्हणाले.

"भूत का काय?" ठेकेदार म्हणाला आणि खोली हसली.

"भूत मी मानत नाय. वस्तू हाय. तारेनं जोडलेली हाय. एक दिवस द्या, शोधून काढतो."

साहेब म्हणाले, आत्ता दाखवा. सगळे माझ्या स्टोअरमधल्या कॉम्प्युटरपाशी आले. मामांनी रखवालदाराकडून रीडरची तार काढवली आणि पंचेचाळीसला हाक मारली. पडद्यावर एकामागून एक ओळी आल्या, प्रत्येकीचा अर्थ एकच, उत्तर नाही. मामा वाकून त्या ओळी वाचत राहिले, जणू पुढची वेगळी येईल.

"शनिवारी देत व्हतं," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही.

साहेबांनी मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

मी म्हणालो, "तांत्रिक बाबी मला कळत नाहीत."

हेच वाक्य. शब्द न शब्द आठवतं.

ठेकेदारानं तिथंच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मामांनी वाद घातला नाही. फाटकावर गेले, फूटपट्टी रखवालदाराच्या हातात दिली, गुडघा, छाती, डोकं, असं दोनदा करून दाखवलं. वही मात्र काखेत धरली. "ही माझी हाय," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून रीडरनं एकही नोंद चुकवली नाही. "बघा, माणूस हलवला आणि मशीन सुधारलं," मोठे साहेब म्हणायचे. माझ्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देताना त्यांनी त्या फाटकाचा उल्लेख केला. म्हणाले, यांच्या काळात एकही ट्रॉली हरवणार नाही अशी व्यवस्था उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. बायको गेली. मुलगा पुण्यात. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये मी एकटा. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीनं फाटकावर आडवा दांडा बसवला, गाड्यांच्या काचेला चिपेचे स्टिकर लावले. माझ्या गाडीला दांडा उठेना. मागे हॉर्न वाजायला लागले. रखवालदार म्हणाला, "काका, तुम्हाला ओळखत नाही तो." मी काही न सुचून गाडी होती तिथंच थांबवली. एक श्वास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला दांडा उठला.

मी घरी येऊन बराच वेळ जिना न चढता खालीच बसलो.

कारखान्यातल्या जुन्या रखवालदाराला शोधून मामांचा पत्ता मिळवला. चितेगावात, पैठण रोडपासून थोडं आत, एक खोली. त्यानं सांगितलं की ठेकेदारानं सगळीकडं कळवून ठेवल्यामुळं मामांना पुन्हा कुठल्याच कारखान्यात घेतलं नाही. पंखे, मिक्सर दुरुस्त करायचे, आता डोळ्यांमुळं तेही बंद.

दार उघडंच होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली एक जुना रेडिओ चालू, आवाज अगदी बारीक, पट्टीवर हिरवा दिवा. मामांनी मला लगेच ओळखलं. "जय भीम, साहेब. बसा."

"जय भीम," मी म्हणालो. पहिल्यांदा.

पैठण रोडभर घोकत आणलेलं वाक्य मी बसायच्या आधी बोलून टाकलं. "मामा, पंचेचाळीस नंबरवर माझा प्रिंटर होता."

त्यांनी कान माझ्याकडे केला. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "भिंतीवरचं बटण बंद करायचात का नुसता तसाच ठेवायचात?"

"बटण बंद करायचो. शनिवारीच चालू."

"बराबर," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. "बराबर. म्हणून एरवी घावत नव्हतं. रीडर चांगलं व्हतं म्हंजी."

"रीडर चांगलं होतं, मामा. तुम्हीपण."

याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. पेटीतून वही काढली. पंचेचाळीसचं पान त्यांना चाचपूनच सापडलं. वर लिहिलं होतं, फाटकावरचा रीडर. त्याखाली, दुसरे बिऱ्हाड, आणि पुढे रिकामी जागा. आणि त्याच्याही खाली कारखान्यातल्या सगळ्या खोल्यांची यादी, प्रत्येक नावापुढे बघितल्याची बरोबरची खूण. टाइम ऑफिस, कॅन्टीन, लॅब, डिस्पॅच. शेवटी माझी केबिन. तिच्यापुढे लिहिलं होतं, "साहेबांना विचारले. नाही म्हणाले." तिथंही बरोबरची खूण होती.

"माझी केबिन आत येऊन का नाही बघितलीत?" मी विचारलं.

"तुम्हाला विचारलं व्हतं ना."

त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. "मला दिसत नाय नीट. तुम्हीच लिवा. तुमची सही बी ऱ्हायली हाय."

मी रिकाम्या जागेत लिहिलं, स्टोअर मॅनेजरच्या केबिनमधला प्रिंटर. सही केली. अक्षर मोठं, वाचता येईल असं काढलं.

"तारीख टाका. जोडला त्या दिवसाची."

ती मला नक्की आठवत नव्हती, महिना लिहिला.

"आणि तुम्हाला उमगलं कधी, ते बी टाका. म्हंजी नोंद पुरी व्हईल."

रेडिओवर कुणीतरी बाजारभाव सांगत होतं. मी लिहिलं, शनिवार, दुपारी बारा. आणि तारीख. ती मला पाठ होती.

"वाचा," मामा म्हणाले.

मी वाचलं.

त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली आणि ती ओळ स्वतः बघितली. मग बोटांवर काहीतरी मोजलं. शनिवार, रविवार, सोमवार.

"मला वाटलं, मागाहून कळलं असंल," ते म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि यादीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, अंदाजानं, माझ्या केबिनपुढची बरोबरची खूण खोडली. तिथं फुली केली. वही मिटून पेटीत ठेवली आणि रेडिओपाशी जाऊन पाठमोरे बसले.

मी उठलो. दारात चपला घालताना हाक मारली, "मामा."

रेडिओचा हिरवा दिवा लागलेला होता. मामांनी मान किंचित हलवली. ओ दिली नाही.